उत्तरेची बैठक

१

सन एकोणीसशे शहाऐंशी. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. थंडी पडून नऊ दिवस झाले होते. गोदीत एकतीस वर्षं क्रेन चालवली आणि रोज सकाळी तारीख लिहूनच केबिनमध्ये चढलो. शाळा चौथीपर्यंत, पण तारीख कधी चुकली नाही.

निवृत्तीनंतर तळ्याकाठी दोन खोल्यांचं घर घेतलं. निर्णय माझा. बायकोला विचारलं नव्हतं. तिने नाही म्हटलं नाही, एवढंच.

गोदीच्या वसाहतीत ती तीस वर्षं माहजाँग खेळली. जहाजावरच्या एका खानसाम्याने तो खेळ वसाहतीत आणला आणि बायकांनी तो त्याच्याकडून काढून घेतला. चौकोनी टेबल, चार खेळाडू, चार दिशांच्या चार जागा. एकशे छत्तीस सोंगट्या पालथ्या घालून घुसळायच्या, मग प्रत्येकाने आपल्यासमोर त्यांची दुमजली भिंत रचायची. त्या भिंतीतून एकेक सोंगटी उचलायची, एक टाकायची, आणि हातातल्या तीन-तीनचे चार गट आणि एक जोडी अशा जुळवत न्यायच्या. आधी ज्याच्या जुळतील त्याचा डाव. मला नियम ठाऊक होते. खेळ येत नव्हता.

तळ्यावर तिला चौघं मिळाली नाहीत. सुरुवातीला ती एकटीच चौघांचं खेळायची. एका खुर्चीवरून उठायची, दुसरीवर बसायची, आधीच्या खुर्चीवर काय होतं ते प्रामाणिकपणे विसरायची. सप्टेंबरात उठणं बंद झालं. ऑक्टोबरात पेटी उघडणं बंद झालं. मग बोलणंही आटलं. गोदीत मी खेपा मोजायचो, ती सवय. एका दिवशी तिचे शब्द मोजले. सकाळपासून निजेपर्यंत एकोणीस भरले, त्यात माझं नाव एकदाही नाही आणि "अहो" देखील नाही.

त्या रात्री ठरवलं, हिला तीन माणसं शोधून द्यायची. मी आणलं होतं तिला इथे.

२

मी कुणाकडे काही मागितलेलं नाही आयुष्यात. पगारही रांगेत शेवटी उभा राहून घेतला. पण त्या आठवड्यात दारोदार फिरलो.

किराणावाल्याने विचारलं, माहजाँग हे खायचं असतं की लावायचं. औषधाच्या दुकानातली बाई म्हणाली की तळ्यापलीकडच्या क्लबात साहेबांच्या बायका खेळतात. तिथे गेलो. दारावरच्या माणसाने माझ्या चपला पाहिल्या आणि जागा नाही म्हणाला. विणकाम केंद्रात एक चौकडी निघाली, चांगली हसतमुख. त्यातल्या थोरलीने हिशेब सांगितला. टेबलाला बाजू चार, बसतात चौघी, पाचवीला काय टेबलावर बसवायचं? मी म्हटलं, बरोबर आहे. नियम तो नियम.

धक्क्यावर लाँचवाल्याला विचारलं. तो माझ्याच वयाचा, तोंडाने फाटका.

"पाहुणे," तो म्हणाला, "या गावात चार माणसं एकत्र येतात ती फक्त खांदा द्यायला."

मग हसून त्याने मासळीच्या शेडकडे बोट केलं. तिथे फळ्यावर एक कागद आहे, पुष्कळ दिवस आहे, बघा म्हणाला.

कागद उन्हाने पिवळा पडला होता. अक्षर मात्र शाळेच्या फळ्यावरचं असावं तसं. मी हळू वाचतो, पण हे एका दमात वाचलं. माहजाँग. चौथी जागा आहे. बुधवारी दुपारी दोन. जुनं पंपघर.

३

पंपघर तळ्याच्या काठावर नव्हे, तळ्यातच उभं होतं. दगडी खांबांवर. काठापासून एक फरसबंदी वाट, मग दार, मग लांब बोळ, आणि बोळाच्या शेवटी खोली. पूर्वी तिथे पाणीखात्याचा माणूस राहायचा. आता एक मास्तरीणबाई राहत होत्या, निवृत्त, पाठ ताठ. बोळात चपलांसाठी खडूने चौकोन आखलेले. मला घर आवडलं.

बुधवारी बायकोला घेऊन गेलो. ती वाटेत काही बोलली नाही, पण साडी इस्त्रीची होती.

बोळात शिरलो तेव्हा आतून सोंगट्या घुसळल्याचा आवाज येत होता. नदीतले गोटे पुरात एकमेकांवर घासावेत तसा. बायको थांबली. तिने माझ्या दंडाला हात लावला. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

खोलीत तिघं होती. मास्तरीणबाई पूर्वेला. दक्षिणेला टपालमास्तर, तेही निवृत्त, बारीक, बोटं सतत काहीतरी छापत असल्यासारखी हलणारी. पश्चिमेला मापाडी, मासळीच्या शेडवर वजन करणारा, पन्नाशीचा, हातांनी जाड आणि हलका. उत्तरेची खुर्ची खिडकीला पाठ करून होती. ती रिकामी होती. माझ्यासाठी भिंतीशी एक स्टूल ठेवलं होतं.

मास्तरीणबाई म्हणाल्या, या वहिनी, बसा. बायको उत्तरेला बसली. तिच्यासमोर भिंत रचलेली होती.

ती इतकी सरळ होती की मी पाहतच राहिलो. बाकी तिन्ही भिंती चांगल्या होत्या, उत्तरेची वेगळीच. सतरा थर, दोन मजली, कुठे नखाएवढी फट नाही. मी आयुष्यभर मोठी ओझी एकावर एक रचली, मला ते काम कळतं. मनात म्हटलं, यांतला कोण हा कारागीर?

बायकोने पहिली सोंगटी उचलली आणि बोटं चोळली.

"गार आहेत हो," ती मला म्हणाली.

अहो नाही, पण हो. तेवढ्यावर मी खूश होतो. सोंगट्या गार का, हे विचारायचं राहून गेलं. मागे खिडकी होती, खाली तळं होतं. गार असणारच.

४

तिघांचा खेळ उत्तम होता. मी क्लबातल्या साहेबांच्या बायकांचा पाहिला नाही, पण हा उत्तम होता. मास्तरीणबाई सोंगटी टाकताना ती कधी आपटत नसत, ठेवत. टपालमास्तर कोणी काय टाकलं ते तासाभराने सांगत. मापाडी सोंगटी पालथी असतानाच अंगठा फिरवून ओळखायचा आणि त्याचा फायदा घ्यायचा नाही, मुद्दाम दुसरीकडे बघायचा. पैसा लावत नसत. कुणी जिंकलं की बाकीचे फक्त मान हलवत. अशी माणसं मी गोदीत तीन पाहिली होती, एकतीस वर्षांत.

बायको बदलली. दुसऱ्या बुधवारनंतर घरी पेटी उघडली. तिसऱ्यानंतर मला शिकवायला बसली आणि पाऊण तासात तिने हात टेकले.

"तुम्हाला क्रेनवर ठेवलं कुणी?" ती म्हणाली. "या एवढ्याशा वस्तू जागेवर ठेवता येत नाहीत."

मी शब्द मोजणं सोडून दिलं.

पण मोजायची सवय जात नाही. केबिनमध्ये चाळीस फुटांवरून खालचं सगळं कानाने कळायचं. किती साखळ्या, किती माणसं, कुठली कप्पी कोरडी. चौथ्या बुधवारी बोळात शिरताना मी सोंगट्यांचा आवाज मोजला.

चार माणसांचे हात होते.

सांगतो कसं. दोन हात घुसळतात तेव्हा आवाज दोन्हीकडून मधे येतो आणि फुटतो. तीन माणसं असली की एक बाजू मुकी राहते. इथे मुकी बाजू नव्हती. उत्तरेकडून आवाज येत होता, सगळ्यांत सफाईदार, न थांबणारा. मी बायकोला मागे ठेवून भरभर पुढे गेलो आणि दार ढकललं.

तिघं बसली होती. हात मांडीवर. चार भिंती तयार.

मी स्टुलावर बसून विचार केला. खोलीला दार एकच, ज्यातून मी आलो. खिडकीला गज होते. मग मनाला समजावलं की मापाडी लांब हाताचा आहे, त्याने दोन्ही बाजूंचं घुसळलं असेल. असंच असणार. तरी डाव संपल्यावर त्याला विचारलं, पाण्यावरच्या या खोलीखाली काय आहे. तो म्हणाला, पंप होते, काढून नेले, खोली आहे. आणि कोपऱ्यातल्या लाकडी झाकणाकडे त्याने पाहिलं नाही, जसा तो सोंगटीकडे पाहायचा नाही.

मी बायकोला काही बोललो नाही. ती वाटभर हसत होती. टपालमास्तरांची नक्कल करत होती, बोटं हलवत.

५

जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी तिला ताप होता. उठायला निघाली, मी उठू दिलं नाही. मग तिने वसाहतीतली रीत काढली. तिथे कुणाला जमलं नाही तर गुपचूप घरी बसायची पद्धत नव्हती. निरोप पाठवायचा, माझी जागा बसवून घ्या. मग शेजारीण कोणी बसायची. आणि पुढे कधी त्या शेजारणीची अडचण असली की आपण तिच्या जागी बसून ती बैठक फेडायची. हा तिथला शिष्टाचार. निरोप न देणं म्हणजे अपमान.

"जाऊन सांगा," ती म्हणाली. "जागा बसवून घ्या म्हणावं. खेळ मोडू नका."

मी दोन मैल चालत गेलो. दाराशी उभा राहिलो, आत गेलो नाही, पायाला चिखल होता. दारातूनच हाक देऊन सांगितलं. हिला ताप आहे, तिची जागा बसवून घ्या.

आतला आवाज बंद झाला. थोड्या वेळाने मास्तरीणबाई बोळात आल्या. त्या पहिल्यांदाच मला म्हाताऱ्या दिसल्या.

"आम्ही तिघं खेळू," त्या म्हणाल्या. "नाही तर आज नको. तसं कुणाला बसवत नाही आम्ही."

मला राग आला. मी पायपीट करून निरोप आणलेला, आणि माझ्या घरच्या निरोपाला यांची टाळाटाळ.

"खेळ मोडायचा नाही," मी म्हणालो. "एकदा सांगितलं. बसवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या वळल्या आणि आत, तिघांपैकी कुणालाच नव्हे, खालच्या आवाजात म्हणाल्या:

"ऐकलंस. बस."

मी परत फिरलो. फरसबंदी वाट अर्धी झाली तेव्हा घुसळणं सुरू झालं. मोजलं नाही. कान झाकले असते, पण भर दुपारी दोन वाजता मोठ्या माणसाने कान झाकून चालायचं म्हणजे काय.

६

पुढल्या बुधवारी तिचा ताप उतरला होता. मी म्हटलं, हा आठवडा राहू दे. ती ऐकेना. हातात डबा घेतला होता, जिने कुणी जागा चालवली तिला द्यायला. मी तिला सगळं सांगायला हवं होतं. काय सांगणार? आवाज मोजले म्हणून?

उत्तरेच्या खुर्चीवर मास्तरीणबाईंनी टॉवेल घडी करून घातला होता. खालचं लाकूड ओलं होतं. बायकोने ते पाहिलं नाही. तिने विचारलं, माझ्या जागी कोण बसलं होतं.

टपालमास्तर टेबलाकडे बघत म्हणाले की फार सुंदर खेळली. इतका स्वच्छ डाव त्यांनी कधी पाहिला नाही. आजवर ती फक्त भिंत रचून उठायची, कुणी बस म्हटलंच नव्हतं. सांगताना त्यांचा आवाज कापत होता, पण भीतीने नव्हे. देवळातून आलेल्या माणसाचा असतो तसा.

"म्हणजे तिची एक बैठक माझ्याकडे राहिली," बायको म्हणाली.

"राहिली," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मग राहू कशाला द्यायची? कुठे बसते ती?"

मास्तरीणबाईंनी कोपऱ्यातल्या झाकणाकडे पाहिलं. "खाली. आज जागा मोकळी ठेवलीय म्हणे."

बायको उठायला लागली. खरंच उठायला लागली, शेजारच्या घरी जायचं असावं तशी. मी स्टुलावरून उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"निरोप मी दिला," मी म्हणालो. "शब्द माझा. बैठक माझी."

ती चिडली. तुम्हाला तीन सोंगट्या धड लावता येत नाहीत, माझं नाव घालवाल, असं सगळ्यांदेखत म्हणाली. मी हात काढला नाही. मास्तरीणबाई म्हणाल्या, घरातलं कुणीही चालतं. फक्त डाव संपेपर्यंत उठायचं नाही.

मापाड्याने झाकण उचललं. तो माझ्या कानाशी म्हणाला, "दादा, हातांकडे बघा. वर बघू नका."

७

खालची खोली वरच्याएवढीच. जमिनीवर घोट्याएवढं पाणी, स्वच्छ. खिडकी इथे दक्षिणेला, तिचं निम्मं तावदान तळ्यात, त्यामुळे उजेड हिरवा आणि छतावर हलणारा. मधोमध टेबल. तीन बाजूंच्या भिंती रचलेल्या होत्या. उत्तरेच्या सोंगट्या पालथ्या पसरलेल्या.

मी बसलो आणि भिंत रचली. वाकडी झाली. मला लाज वाटली, ती भीतीपेक्षा मोठी होती.

सोंगट्या वाटल्या गेल्या. कोणी वाटल्या ते पाहिलं नाही, माझ्या तेरा माझ्यासमोर आल्या. मग ठक. उजवीकडून एक पडली. ठक. समोरून. मी फक्त टेबल पाहत होतो. हात येत, ठेवत, जात. बोटांची टोकं पांढरी आणि सुरकुतलेली, दिवसभर धुणं धुतल्यावर होतात तशी. सगळ्यांत सुंदर समोरचे होते. घाई नाही, दिखावा नाही. सोंगटी ठेवल्यावर ती एवढीशीही सरकत नसे. असं काम बघायला मी पैसे दिले असते.

वर छतापलीकडे आमची खोली होती. मास्तरीणबाईंचं ठेवणं ओळखू आलं. मापाड्याचा खोकला. बायकोचं हसणं. म्हणजे तीही खेळत होती, सगळं ठीक होतं.

मग वर स्टूल ओढल्याचा आवाज आला.

भिंतीपासून टेबलाजवळ, बायकोच्या बाजूला. त्यावर कोणी बसलं. फळी दबल्याचं मला खालून कळलं. वर तिघं आणि बायको, मोजून चार. मी खाली.

"अहो," वर बायको म्हणाली, "बघितलंत का? कशी आली ही सोंगटी!"

उत्तर आलं नाही. पण तिने हसून पुढचं सांगितलं, जसं मान हलवणाऱ्याला सांगतात. आणि सांगतच राहिली. किती दिवसांचं साठलेलं.

मी त्या भिंत रचणारीच्या जागी बसलो होतो. मग ती माझ्या जागी बसणार. सरळ होतं. एवढं मला आधी कळायला हवं होतं.

मी अर्धा उठलो. टेबलावरचे सगळे हात थांबले. पाणी थांबलं. तेव्हा नजर वर गेली, अडवू शकलो नाही. समोरचं मनगट पाहिलं, कोपर पाहिलं, हिरवी ओली बाही पाहिली. बाहीच्या वर खिडकी होती. फक्त खिडकी, आणि तावदानातलं तळं.

मी बसलो.

त्यानंतर खेळलो. आयुष्यात खेळलो नाही तसा. पाऊण तासात बायकोने जे शिकवलं होतं ते सगळं, आणि वरून तिचं "अहो, अहो" ऐकत. बांबूचं चित्र असलेल्या तीन लागल्या. चक्रांच्या तीन. वाऱ्याच्या तीन. मग आणखी तीन. जोडीला एक सोंगटी हवी होती, एकच, आणि भिंत संपत आली होती. माझी बोटं बधिर झाली होती.

समोरच्या हाताने एक सोंगटी उचलली. अंगठ्याने ओळखली. समोरचीला माझा डाव ठाऊक होता, मी शपथेवर सांगतो, उघड्या पुस्तकासारखा ठाऊक होता. ती सोंगटी हवेत जरा जास्त थांबली. वर बायको काहीतरी विचारत होती आणि वाट बघत होती.

मग हाताने ती माझ्यासमोर ठेवली. सरळ, न आपटता.

मी घेतली. डाव उघडा केला. म्हणालो, झालं.

कुणी हरकत घेतली नाही. हात सोंगट्या पालथ्या घालू लागले. मी शिडी चढलो.

वर उजेड पांढरा होता. बायकोचे गाल लाल. स्टूल तिच्या खांद्याजवळ होतं, रिकामं, आणि त्यावरून पाणी फरशीवर ठिबकत होतं. तिने सोंगट्यांवरून नजर न काढता विचारलं, खालून तर लगेच वर आला होतात, मग आता पुन्हा उठून कुठे गेलात.

मी तिच्या मागे उभा राहिलो. मास्तरीणबाई माझ्याकडे बघत होत्या.

"फिटली?" त्यांनी विचारलं.

"फिटली," मी म्हणालो.